दस्तगीर पेंटरचा वजू

न्हावऱ्याच्या आसपास उसाची ट्रॉली दिसली की तिच्या मागच्या फाळक्यावर, खाली डाव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत 'दस्तगीर पेंटर, न्हावरे' असं लिहिलेलं असायचं. नव्वद सालच्या आधीपासून पुढची पंधरा-वीस वर्षं तरी असंच होतं. ट्रॉल्या, दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, डेअरीचा बोर्ड, देवळाच्या कमानीवर वर्गणीदारांची नावं, सगळं तोच रंगवायचा. केंदूरपर्यंत त्याला बोलावणं असे. सायकलच्या कॅरियरला डबे बांधून तो सकाळी निघायचा आणि उन्हं उतरायच्या आत परत यायचा, कारण उतरत्या उन्हात अक्षर नीट दिसत नाही असं तो म्हणायचा.

आडनाव तांबोळी, पण विड्याच्या पानांचा धंदा आजोबांबरोबरच गेला होता. दस्तगीर लहानपणी दोन वर्षं दौंडला मामाकडे होता. मामा रेल्वेत होता, आणि तिथल्या मशिदीत कुराण तोंडपाठ असलेल्या एका हाफिजसाहेबांकडे दस्तगीर अरबी वाचायला शिकला. तेवढ्या शिदोरीवर एक दिवस त्याच्या गळ्यात भलतंच काम येऊन पडलं.

गावात मुसलमानांची पंधरा-सोळा घरं. दोन रांगा उभ्या राहतील एवढी मशीद, पुढं पत्र्याची पडवी आणि एक सिमेंटचा हौद. तिथं पोरांना शिकवणारे म्हातारे मुलाणीबाबा सत्त्याण्णव साली वारले. चाळिसावा झाला आणि चार जाणती माणसं दस्तगीरच्या ओट्यावर येऊन बसली.

"पोरांना आता तू बसवायचंस," ती म्हणाली.

"मला काय येतंय? कुराण वाचतो, ते बी अडखळत. धरमाचे मसले-बिसले मला ठावं न्हाईत. कुणी काय विचारलं तर मी काय सांगू?"

"तेवढं बी आमच्यात कुणाला येत न्हाई," त्यांतला सगळ्यात म्हातारा म्हणाला. "आन् ही शेंबडी पोरं तुला काय विचारणार हायती?"

तसं ते ठरलं. शाळा सुटली की पाच पोरी आणि चार पोरं मशिदीच्या पडवीत जमायची. असरच्या, म्हणजे उतरत्या दुपारच्या नमाजाआधी दस्तगीर सायकल भिंतीला लावायचा, हातपाय धुवायचा आणि त्यांच्यासमोर बसायचा.

अलीफ-बे, म्हणजे अरबी मुळाक्षरं शिकवणं, सोपं गेलं. अवघड गेला तो वजू. नमाजाआधी आणि कुराणाला हात लावण्याआधी ठरलेल्या क्रमानं हात, तोंड आणि कोपरापर्यंत बाहू धुवायचे, ओला हात डोक्यावरून फिरवायचा, मग घोट्यांपर्यंत पाय धुवायचे. आपल्याला दुसरं काही नसलं तरी हे तरी नीट येतं, अशी दस्तगीरची समजूत होती. हाफिजसाहेबांनी त्याच्याकडून ते दोन वर्षं घोटून घेतलं होतं. पण पोरं हौदापाशी जायची, बोटं ओली करायची, तोंडावर पाण्याचा हबका मारायची आणि निम्मे पाय कोरडेच घेऊन पडवीत धावत यायची. थंडीत तर पाण्याला हात न लावताच नुसतं "झाला" म्हणायची.

तो रागावला, दटावून पाहिलं. एकदा सगळ्यांना परत हौदावर पाठवलं, तर त्यांनी तिथं एकमेकांवर पाणी उडवून चिखल केला.

मग त्यानं त्यांना समोर बसवून सांगितलं, "जिथं जिथं वजूचं पाणी लागतं ती जागा कयामतच्या दिवशी चमकणार हाय. एवढी माणसं जमलेली असतील, तर त्या चमकण्यावरूनच आपली माणसं ओळखायची. आन् जी जागा कोरडी राहिली ती काळीच राहणार."

 दोन दिवस सगळ्यांनी मन लावून पाय धुतले. तिसऱ्या दिवशी पुन्हा हबके सुरू.

शेवटी त्याला त्याच्या धंद्यातली युक्ती सुचली. भिंतीला पहिला हात द्यायला त्याच्याकडं गेरू असायचा. वाटीत थोडा गेरू कालवून त्यानं प्रत्येक पोराच्या दोन्ही कोपरांवर, टाचांच्या मागं आणि करंगळीच्या बेचक्यात एकेक ठिपका लावला.

"जा, वजू करून या. ठिपका राहिला म्हंजी पाणी पोचलं न्हाई. ज्याचा राहील त्यानं परत जायचं."

त्या दिवशी नऊपैकी आठ जण परत गेले. एकीचाच वजू पुरा उतरला. ती मेहरून.

मेहरून तेव्हा आठ वर्षांची होती. आई-बाप कांद्याच्या चाळींवर कामाला जायचे, त्यामुळं ती दिवसभर आजीजवळ, मलनबीजवळ असायची. बोलायची कमी, पण सांगितलेलं सगळं खरं धरणारी. वही आखायची तर पट्टी दोनदा लावून बघायची. दस्तगीरला ती मनापासून आवडायची, कारण अक्षराच्या बाबतीत तो स्वतः तसाच होता.

गेरूच्या ठिपक्यांनी जादू केली. पोरं आपणहून पाय पुढं करायला लागली. कुणाचा ठिपका आधी निघतो याची चुरस लागली. आयांनी तक्रार केली की परकराला डाग पडतात, पण पोरं नीट धुवायला लागली हे त्यांनाही दिसत होतं. घरी जेवायला बसण्याआधी हात कोपरापर्यंत धुणारी पोरं गावानं पहिल्यांदाच पाहिली. असं दीड-दोन वर्षं चाललं. मुलाणीबाबांच्या जागेवर आपण बसलो ते काही अगदीच वाया गेलं नाही, असं दस्तगीरला वाटायला लागलं होतं.

नव्व्याण्णव सालचा ऑक्टोबर. कारखाने सुरू व्हायचे दिवस, त्यामुळं ट्रॉल्या रंगवून घ्यायची घाई. दस्तगीर सकाळपासून कोंडिबाच्या मळ्यात होता. कोंडिबा फुलं आणि ऊस करणारा बागायतदार, दस्तगीरच्या शाळेतला सोबती. त्याला ट्रॉली निळी हवी होती, आणि मागं पिवळ्या अक्षरांत नातवांची नावं, 'शंभू-स्वराज'. दिवसभर निळा हात देऊन दस्तगीर मशिदीत आला, वजू केला आणि हौदाच्या कट्ट्यावर टेकला. बाकीची पोरं पडवीत गेली. मेहरून तिथंच उभी राहिली. ती त्याच्या हाताकडं बघत होती.

"चाचा, तुमचा राहिला."

"काय राहिलं?"

"रंग. नखांवर. आन् हितं बेचक्यात बी."

दस्तगीरनं हात वर धरला. चार नखं अर्धीअधिक निळी होती. अंगठ्याच्या कडेला आधीच्या आठवड्यातला हिरवाही होता.

"तो ऑइलपेंट हाय बेटा. त्यो पाण्यानं निघत न्हाई."

"मग त्याच्या खाली पाणी जातंय का?"

दस्तगीरनं अंगठ्यानं नख घासून पाहिलं. पत्रा गंजू नये म्हणून लोक ऑइलपेंट मारून घेतात. पाणी आत जाऊ नये यासाठीच तर तो असतो. हे त्याच्याइतकं गावात कुणाला माहीत होतं?

मेहरूननं विचारलं, "म्हंजी तुमची नखं न्हाई चमकायची?"

तिच्या बोलण्यात खोडी नव्हती. घरातलं कुणी आजारी पडल्यावर लहान पोर जसं जवळ येऊन विचारतं, तसं तिनं विचारलं होतं. दस्तगीरनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "जा, आत बस." त्या दिवशी नमाजात उभं राहिल्यावर दोन रकात, म्हणजे नमाजाची आवर्तनं, झाल्या की तीन, हे त्याला आठवेना.

घरी आल्या आल्या तो रॉकेलची बाटली आणि चिंधी घेऊन मोरीत बसला. रॉकेलनं वरवरचं गेलं. मग थिनर घेतला. थिनरनं रंग सुटला, पण कातडी पांढरी पडून चुरचुरायला लागली. नखांच्या मुळाशी बारीक रेघ उरलीच. ती त्यानं ब्लेडनं खरवडली.

त्याची बायको सुगरा बाजूला उभी राहून बघत होती. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "एवढी वरसं कुणी काय म्हणलं न्हाई."

"कुणी बघितलंच न्हाई."

"अल्लानं तर बघितलं असंल ना?"

हे ती धीर द्यायला म्हणाली की घाबरवायला, ते दस्तगीरला कळलं नाही. तिलाही बहुतेक कळलं नसावं. ती आत भाकरी टाकायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तो घासून लाल झालेले हात घेऊन कोंडिबाच्या मळ्यात गेला. पिवळी अक्षरं काढायची होती. त्यानं दोन्ही हातांना प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या आणि मनगटाला सुतळी बांधली. ब्रश नीट धरता येईना. पिशवीत घाम साचून बोटं घसरायला लागली. 'शंभू' कसाबसा झाला, पण 'स्वराज'मधला 'स्व' फुगला आणि 'ज' खाली उतरला.

कोंडिबा बांधावरून आला, लांब उभा राहून त्यानं पाहिलं.

"दस्तगीर, हे तुझं अक्षर न्हाई."

"व्हय."

"आन् हाताला काय बांधलंय? भाजलं का काय?"

दस्तगीरनं ब्रश डब्यावर आडवा ठेवला आणि त्याला सगळं सांगितलं. कोंडिबा हसेल असं त्याला वाटलं होतं. कोंडिबा हसला नाही. ट्रॉलीच्या चाकाला टेकून बसला.

"आमच्यात बी देवाला जाताना हातपाय धुत्यात," तो म्हणाला. "पण नखाखाली काय हाय, ते कोण बघतंय? पुजारी बी बघत न्हाई. तुमच्यात असं बारीक हाय का?"

"हाय म्हणूनच तर पोरांना शिकवलं."

"मग तुमच्यातलं जाणतं माणूस गाठ. मला इचारून काय उपयोग? माझी ट्रॉली आठ दिस थांबंल."

दस्तगीर एसटीनं शिरूरला गेला. तिथल्या एका मशिदीत तरुण मौलवीसाहेब होते. त्यांनी दस्तगीरला चटईवर बसवून घेतलं, हात पाहिले. "मजबूरी है, भाई," ते म्हणाले. "रोजी है आपकी. जितना निकलता है, निकालो. जो कोशिश के बाद भी रह जाए, वो माफ है." एवढं सरळ उत्तर मिळाल्यावर दस्तगीरला एकदम हलकं वाटलं. त्यानं बाजारातून टाचा घासायची एक वजरी घेतली, पोरांसाठी चिक्की घेतली आणि परतीच्या गाडीत बसला.

अर्ध्या रस्त्यात त्याच्या मनात आलं की मौलवीसाहेबांनी माफ म्हटलं ते कोशिश केल्यावरचं. त्यानं पंधरा वर्षं कोशिश केलीच कुठं होती? रंगाचे हात तसेच घेऊन तो नमाजाला उभा राहत आला होता. त्या नमाजांचं काय, हे विचारायचं राहूनच गेलं. आणि मजबुरी तरी होती का? तो उसाच्या तोडीवर जाऊ शकला असता. डेअरीत कॅन उचलू शकला असता. अक्षर काढायला आवडतं म्हणून तो पेंटर झाला होता. आवडीला मजबुरी म्हणायचं का?

आठवड्यानं तो दौंडला गेला. हाफिजसाहेब अजून होते, पण फार थकलेले, डोळ्यांनी जवळजवळ अधू. त्यांनी दस्तगीरला आवाजावरून ओळखलं. प्रश्न ऐकल्यावर त्यांनी त्याचा हात आपल्या हातात घेतला आणि अंगठ्यानं त्याचं एकेक नख चाचपून पाहिलं.

"परत है," ते म्हणाले; नखावर थर बसलाय, असं त्यांना म्हणायचं होतं. "परत के नीचे पानी कैसे पहुँचेगा, बेटा? निकालना पड़ेगा. और पुरानी नमाजें जितनी हो सकें, दोहराते रहो."

"शिरूरचे मौलवीसाहेब माफ म्हणाले."

हाफिजसाहेबांनी त्याचं नख पुन्हा एकदा चाचपलं. मग म्हणाले, "वो भी गलत नहीं कहते होंगे."

दस्तगीरला वाटलं, ते आणखी काही सांगतील. त्यांनी चहा मागवला, मामाच्या पोरांची चौकशी केली आणि मग त्यांचा डोळा लागला. दस्तगीर स्टेशनकडं चालत आला. दोन माणसं वेगवेगळं सांगतात तर एक खरा, एक खोटा, एवढं त्याला समजलं असतं. पण दोघंही बरोबर असतील तर मग माणसानं नेमकं करायचं काय?

त्यानं दोन्ही करायचं ठरवलं. रंगकाम चालू ठेवायचं, रोज रंग काढायचा, आणि प्रत्येक नमाजाबरोबर एक जुनी नमाज परत पढायची. पंधरा दिवसांत त्याचे हात थिनरनं फाटले. बोटांच्या पेरांवर भेगा पडल्या आणि वजू करताना त्यांतून रक्त यायला लागलं. वाहतं रक्त निघालं की वजू तुटतो, हेही हाफिजसाहेबांनीच लहानपणी शिकवलेलं. म्हणजे रंग राहिला तर वजू होत नव्हता, आणि रंग काढला तर झालेला वजू तुटत होता. एकदा तो हौदापाशी चार वेळा बसला आणि उठला. नमाज उभी राहून संपलीसुद्धा.

गावातल्या डॉक्टरनं मलम दिलं आणि आठ दिवस पाण्यात हात घालू नका म्हणून सांगितलं. दस्तगीरनं पोरांना निरोप पाठवला की हात चिघळलाय, काही दिवस येणार नाही. हात चिघळला होता हे खरं. पण मेहरूनसमोर बसायची त्याला हिंमत होत नव्हती, हेही तेवढंच खरं.

पोरं तरीही पडवीत जमत होती. गेरूची वाटी तिथंच कोनाड्यात होती. ठिपके लावायचं काम मेहरूननं अंगावर घेतलं. हे दस्तगीरला ठाऊक नव्हतं.

डिसेंबरात एका सकाळी मलनबी त्याच्या दारात आली. डोक्यावरचा पदर नीट करत ती ओट्यावर बसली. चहा नको म्हणाली.

"दस्तगीर, पोरीला काय शिकवलंस तू?"

"काय झालं खाला?"

"काल शेजारच्या दादा धनगराच्या नकुशीला पाय धुवायला लावलं हिनं."

"पाय?"

"पाय दाखव म्हणली. दोघी एका वर्गात हायती, आंगणात खेळत व्हत्या. नकुशीची टाच मळकी दिसली तर हिनं तिला तांब्या दिला आन् म्हणली धू, न्हाईतर काळी राहशील. पोर रडत घरी गेली. धनगराच्या पोरीला हिचा वजू कशापायी? दादाची बायको भली म्हणून काय बोलली न्हाई." मलनबीनं दम घेतला. "ते बी सोड. पोरगी तासतासभर मोरीत बसती. धुती, बघती, परत धुती. माठातलं पाणी संपलं तर रांजणातलं घेती. पायाच्या चिरा बघ तिच्या. मी म्हणते झालं, तर म्हणती, दादी, राहिलं असंल, दिसत न्हाई. काल रातीपासून नीट जेवली बी न्हाई."

दस्तगीर उठला आणि तसाच तिच्यामागं गेला.

मेहरून मागच्या अंगणात, मोरीच्या दगडावर बसली होती. सकाळचं ऊन अजून तिथं आलं नव्हतं. तिचे पाय ओले होते, टाचा लालभडक, आणि भेगांत गेरूचा तांबडा रंग जाऊन बसला होता. तो धुण्यानं निघण्यासारखा नव्हता. ती नखानं तो उकरत होती.

तिनं वर पाहिलं. "चाचा, निघत न्हाई."

दस्तगीर तिच्यासमोर उकिडवा बसला.  त्यानं मलम लावलेले, चिंध्या बांधलेले आपले हात पुढं केले.

"माझं बी निघत न्हाई."

तिनं त्याचे हात पाहिले. "दुखतंय का?"

"लई."

"मग तुमचा वजू व्हतो का न्हाई?"

"मला म्हाईत न्हाई," दस्तगीर म्हणाला. "शिरूरला इचारलं, ते म्हणले माफ हाय. दौंडला इचारलं, ते म्हणले न्हाई व्हत. मग म्हणले, शिरूरचं बी बरोबर असंल. मी दोन महिनं झालं इचार करतोय. मला काय कळंना."

मेहरून त्याच्याकडं बघतच राहिली. मोठ्या माणसाला कळत नाही, हे तिला कुणी इतकं स्पष्टपणे सांगितलं नव्हतं.

"तुम्ही तर शिकवताय," ती म्हणाली.

"मला येतं तेवढं शिकवतो. एक सांगायचं मात्र राहिलं. हाफिजसाब आम्हाला सांगायचे, तीन बार. पाणी तीन बार घ्यायचं. चौथं घ्यायचं न्हाई. वाहत्या नदीवर बसला असशील तरी न्हाई. मी तुम्हाला तीन बार शिकवलं, पण तीनला थांबायचं ते शिकवलं न्हाई. ती माझी चूक."

"आन् तीनमधी राहिलं तर?"

"राहिलं असंल तर राहू दे."

"काळं राहिलं तर?"

 काळं राहणार हे दस्तगीरनंच सांगितलं होतं. ते खोटं म्हणावं तर वजूची किंमत जाते, खरं म्हणावं तर पोर पुन्हा तांब्या उचलते.

"तू मुद्दाम ठेवलं न्हाईस," तो शेवटी म्हणाला. "तू धुतलंस. ते त्यालाबी दिसलं असणार. मला एवढंच समजतं. जास्त समजत असतं तर सांगितलं असतं."

मग त्यानं चिंध्या सोडल्या. डॉक्टरनं नको म्हटलेलं असताना त्यानं तांब्यातलं पाणी घेतलं आणि तिच्यासमोर वजू केला. झोंबत होतं तरी हात आखडला नाही. प्रत्येक जागी तीनदा. डाव्या पायावर तिसरं पाणी घालून त्यानं तांब्या उपडा ठेवला. एका पेरातून रक्ताचा बारीक थेंब आला. तो वाहिला की नुसता आला, हे त्यानं निरखून बघितलं नाही. मेहरूननं बघितलं असेल. तिनंही तीनदाच केला. चौथ्या वेळी हात तांब्याकडं गेला आणि थांबला. मलनबीनं आतून खोबरेल आणून तिच्या टाचांना चोळलं.

संध्याकाळी मेहरून नकुशीच्या घरी गेली की नाही, हे दस्तगीरला कळलं नाही. पण आठवड्याभरात दोघी पुन्हा एकत्र शाळेत जाताना दिसल्या.

गेरूची वाटी त्यानं कोनाड्यातून काढून टाकली. पोरं नाराज झाली. निम्मी पोरं पुन्हा हबके मारायला लागली. दस्तगीर रोज त्यांच्याबरोबर हौदापाशी बसायचा आणि त्यांच्याआधी स्वतः करायचा, हळूहळू, बोलत बोलत. काही पोरं बघून शिकली, काही नाही शिकली. आधीचं बरं होतं की हे, असं कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. गेरूनं पोरं स्वच्छ धुवायची, यात शंका नव्हती.

इतके दिवस अर्धवट अक्षरांनिशीच उसाला जाणारी कोंडिबाची ट्रॉली त्यानं पिशव्या न बांधता पुरी केली. 'स्व' आणि 'ज' पुन्हा लिहिले. शुक्रवारच्या मोठ्या नमाजाआधी वजरीनं आणि थोड्या रॉकेलनं जेवढा निघेल तेवढा रंग काढायचा, उरला तर उरला, असं त्यानं धरलं. जुन्या नमाजा काही महिने पढला, मग खंड पडला, मग रमजानात पुन्हा सुरू केल्या. शिरूरचं ऐकायचं की दौंडचं, ते त्यानं कधीच ठरवलं नाही. पुढं एका वर्षी हाफिजसाहेब वारले. मयतीला तो गेला आणि कबरीवर माती टाकताना स्वतःच्या हाताकडं बघत राहिला. त्या दिवशी नखांवर लाल होता.

दोन हजार पाच-सहाच्या सुमारास चौफुल्यावर फ्लेक्सचं दुकान निघालं. शुभेच्छांचे बोर्ड, दुकानांच्या पाट्या, सगळं छापून मिळायला लागलं. ट्रॉल्यांवर स्टिकर आले. दस्तगीरची कामं आटत गेली. दोन वर्षांत तो डेअरीत दूध मोजायला बसला. एकदा सुगरा त्याच्या ताटात भाकरी वाढताना म्हणाली, "हात कसं लख्ख झालं तुमचं." तो हातांकडं बघत राहिला. नखं गुलाबी होती, पेरं बरी झाली होती. हवं होतं ते असं आपोआप झालं, धंदा जाऊन झालं. ही मेहेरबानी समजायची की शिक्षा, या विचारात भाकरी गार झाली.

मेहरून बारावी होऊन दौंडला दिली. तिचा नवरा वायरमन होता.

दोन हजार आठ साली मशिदीनं पगारी मौलाना ठेवला. बिहारकडचा, पंचविशीचा, हाफिज झालेला. त्याला मराठी येत नव्हती आणि गावातल्या नव्या पोरांना त्याची उर्दू समजत नव्हती. म्हणून दस्तगीरला बाजूला बसून सांगावं लागायचं. मौलाना एक वाक्य बोलायचा, दस्तगीर ते न्हावऱ्याच्या बोलीत पोरांना सांगायचा.

एक दिवस धडा वजूचाच निघाला. मौलाना म्हणाला की नखाखाली पीठ किंवा माती अडकली असेल तर काय, याबद्दल मोठमोठ्या आलिमांनी, धर्माच्या जाणकारांनी, बरंच लिहिलंय. दस्तगीरनं ते पोरांना सांगितलं. मग त्याच्याही नकळत त्यानं मौलानाला विचारलं, "आन् ऑइलपेंट? आदमी पेंटर हो तो?"

 "चाचा, किताब देखकर बताता हूँ," मौलाना म्हणाला. "इसमें तफसील है."

त्याच आठवड्यात त्याच्या वडिलांना बरं नाही असा फोन आला आणि तो गावी निघून गेला. महिनाभर तरी येणार नव्हता. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर पोरं पडवीत जमली तेव्हा दस्तगीर डेअरीतून आला, बाह्या वर केल्या आणि हौदाच्या कट्ट्यावर बसला. सगळ्यात लहान पोरगी आईच्या मोठ्या ओढणीत गुरफटून उभी होती. पाण्याला भीत होती.

"लई गार हाय का हो?" तिनं विचारलं.

"हाय थोडं," दस्तगीर म्हणाला. "ये, आधी मी करतो. तू नुस्ती बघ."